लसूण माणसाला अमृत, कुत्र्याला काय?

गोचिडी पळतात, जंत पडतात, रक्त शुद्ध होतं, असं सांगत घरोघरी कुत्र्यांना लसूण चारली जाते. हा घरगुती उपाय खरंच गुणकारी आहे, की मायेपोटी आपण आपल्याच मुक्या सोबत्याचं नुकसान करतोय?

गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्याकडे टिप्या नावाचा पामेरियन आहे. पांढराशुभ्र, जेमतेम पाच किलोचा, पण भुंकण्यात अल्सेशियनला हार न जाणारा. पाऊस सुरू झाला आणि टिप्याच्या कानामागे गोचिडी दिसू लागल्या. रोज चिमट्यानं चार काढाव्यात, तर दुसऱ्या दिवशी सहा हजर!

आईनं ही तक्रार तळमजल्यावरच्या काकूंच्या कानावर घातली. काकूंनी लगेच उपाय सांगितला, “अहो, औषधं कसली घालताय त्याच्यावर? विषारी असतात ती. रोज दोन पाकळ्या लसूण तुपात परता आणि पोळीत घालून चारा. रक्ताला लसणीचा वास लागला की गोचीड जवळसुद्धा फिरकत नाही. आमच्या गावाकडे सगळे असंच करतात.”

आईला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात होतं तरी काय? आमच्याच घरात सर्दी झाली की लसूण, पोट फुगलं की लसूण, बाळंतिणीला लसूण, बाबांच्या रक्तदाबावर सकाळी अनशापोटी लसूण. जे माणसाला मानवतं ते बिचाऱ्या टिप्याला का नाही मानवणार? दोन पाकळ्या सुरू झाल्या. चार दिवसांत गोचिडी कमी होईनात, म्हणून दोनाच्या पाच-सहा झाल्या. तुपाच्या वासानं टिप्याही मिटक्या मारत खाऊ लागला. डॉक्टरांनी दिलेले, मानेवर टाकायचे थेंब मात्र कपाटातच राहिले. “कशाला उगाच केमिकल?” असं आईचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर मीही त्याला दुजोराच दिला.

बारा-तेरा दिवस गेले. एके सकाळी दाराची घंटा वाजली आणि टिप्या भुंकला नाही. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. तो कोपऱ्यात पडून होता. पोळीला तोंड लावेना. जिना चढताना दोनदा खाली बसला. धाप लागलेली. मी त्याचा ओठ वर करून पाहिलं, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या. आणि त्यानं लघवी केली ती चक्क कोऱ्या चहाच्या रंगाची.

डॉक्टरांनी टिप्याला तपासलं, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि आईला पहिला प्रश्न विचारला, “आजी, याला खायला काय काय घालता?”

लौकिक मोठा, म्हणून विश्वासही मोठा

आईचं चुकलं असं पटकन म्हणणं सोपं आहे. पण लसणीवरचा हा विश्वास काही आजचा नाही. संस्कृतात लसणीला ‘रसोन’ म्हणतात. रस अधिक ऊन, म्हणजे सहा रसांपैकी एक रस उणा असलेली. गोड, खारट, तिखट, कडू, तुरट हे पाच रस तिच्यात आहेत, फक्त आंबट नाही, असा त्याचा अर्थ लावतात. अमृताचा थेंब जमिनीवर सांडला आणि त्यातून लसूण उगवली, अशी कथाही आपल्याकडे सांगतात. काश्यपसंहितेत लसणीवर स्वतंत्र प्रकरण आहे. 1890 साली मध्य आशियातल्या कुचा इथे हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या हाती एक प्राचीन संस्कृत पोथी लागली. आज ‘बॉवर हस्तलिखित’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोथीची सुरुवातच लसणीच्या गुणवर्णनानं होते.

पाश्चात्त्यांनीही लसणीला कमी मान दिलेला नाही. 1858 साली लुई पाश्चरनं लसणीच्या जंतुनाशक गुणाची नोंद केली. 1944 साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी लसणीतून ‘अ‍ॅलिसिन’ हे द्रव्य वेगळं काढलं. गंमत म्हणजे अख्ख्या पाकळीत हे अ‍ॅलिसिन नसतंच. पाकळी ठेचली, चिरली किंवा चावली की तिच्यातली दोन निरनिराळी द्रव्यं एकत्र येतात आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन तयार होतं. ठेचल्याबरोबर नाकात शिरणारा तो खमंग उग्र वास त्याचाच.

कुत्र्यांना लसूण चारण्याची टूमही केवळ आपल्या गावाकडची नव्हे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ज्युलिएट दे बैरॅक्ली लेव्ही या वनौषधीतज्ज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या मध्यात कुत्र्यांच्या वनौषधी उपचारांवर पुस्तक लिहिलं. स्वतः अफगाण हाउंड पाळणाऱ्या या बाईंचा लसणीवर भारी भरवसा. त्यांचं पुस्तक पुढे ‘नैसर्गिक पद्धतीनं’ कुत्री पाळणाऱ्यांमध्ये खूप वाचलं गेलं आणि त्याबरोबर लसणीचा उपायही जगभर पोचला. आज परदेशातल्या दुकानांत कुत्र्यांसाठी लसणीच्या गोळ्याही मिळतात.

एवढे सगळे दाखले असताना आमच्या आईनं किंवा तळमजल्यावरच्या काकूंनी शंका का घ्यावी? पण या लौकिकात एक मेख आहे. लसणीचे हे बहुतेक गुण सांगितले गेले ते माणसासाठी किंवा प्रयोगशाळेतल्या जंतूंसाठी. कुत्र्याच्या रक्ताचं काय होतं, हा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नव्हता.

कुत्र्याचं रक्त वेगळं असतं

डॉक्टरांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही डोळा लावायला सांगितला. एरवी गोल, एकसारख्या दिसणाऱ्या लाल पेशी. पण इथे काही पेशींच्या कडेला बारीक पुळी आल्यासारखं दिसत होतं. काहींमधला लाल रंग एका बाजूला सरकून दुसरी बाजू रिकामी पडली होती.

“ही पुळी म्हणजे हाइन्झ बॉडी,” डॉक्टर म्हणाले. “आणि रंग एका कडेला सरकलेली ही पेशी, तिला एक्सेन्ट्रोसाइट म्हणतात. कांदा-लसूण खाल्लेल्या कुत्र्याच्या रक्तात हे दिसतं.”

हे होतं कसं? कांदा, लसूण, कांद्याची पात, परदेशी भाज्यांत मिळणारं लीक, चाइव्ह्ज ही सगळी एकाच कुळातली भावंडं. या सर्वांत गंधकयुक्त द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून अशी द्रव्यं बनतात, की जी रक्तातल्या लाल पेशींवर हल्ला चढवतात. लोखंडाला हवा-पाण्यानं गंज चढावा तसा काहीसा हा प्रकार. लाल पेशीतलं हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ, या हल्ल्यानं बिघडतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या पेशीच्या आतल्या कडेला चिकटतात. त्याच या पुळ्या. अशी डागाळलेली पेशी शरीराला नकोशी होते. प्लीहा तिला गाळून काढते किंवा ती रक्तातच फुटते. पेशी भराभर फुटू लागल्या की रक्त कमी होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीतून बाहेर पडून लघवी गडद तांबूस-तपकिरी होते. कधी डोळे-कातडी पिवळीही पडते.

मग आपण रोज लसूण खातो, तर आपलं असं का होत नाही? कारण गंजाचा हा हल्ला परतवण्याची सोय आपल्या लाल पेशींत चांगली आहे, कुत्र्याच्या पेशींत ती तोकडी आहे. हिमोग्लोबिनवर या द्रव्यांना धरायला जागा असतात असं समजा. बहुतेक प्राण्यांत अशा दोन जागा असतात, कुत्र्यात चार आणि मांजरात तर आठ! म्हणूनच कांदा-लसूण कुत्र्याला वाईट आणि मांजराला त्याहून वाईट. त्यातही अकिता, शिबा अशा काही जपानी जातींच्या कुत्र्यांना जन्मतःच याचा त्रास जास्त होतो, असं आढळलं आहे.

कांद्याची ही खोड तशी जुनीच. कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांचं रक्त कमी होतं, असं अमेरिकेतल्या सेब्रेल या संशोधकानं 1930 सालीच छापून ठेवलं होतं. लसणीचा नंबर मात्र बराच उशिरा लागला.

जपानमधला प्रयोग काय सांगतो?

लसणीचा कुत्र्यांवर काय परिणाम होतो, याची नेमकी तपासणी जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी केली आणि 2000 साली ती प्रसिद्ध झाली. आठ कुत्री घेतली. चार कुत्र्यांना सात दिवस रोज लसणीचा अर्क थेट जठरात दिला, उरलेल्या चारांना नुसतं पाणी. अर्काचं प्रमाण होतं कुत्र्याच्या दर किलो वजनामागे पाच ग्रॅम लसणीइतकं.

निष्कर्ष दोन्ही बाजूंनी विचार करायला लावणारा आहे. लसूण दिलेल्या कुत्र्यांच्या लाल पेशी आणि हिमोग्लोबिन घटलं. पेशींत हाइन्झ बॉडी दिसल्या, एक्सेन्ट्रोसाइट दिसल्या. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही घसरण तळाला पोचली ती नवव्या ते अकराव्या दिवशी. म्हणजे लसूण बंद केल्यानंतरही दोन-चार दिवस रक्त कमी होतच होतं! “काल तर खाल्ली, आज ठणठणीत आहे, म्हणजे काही झालं नाही,” असं म्हणणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

पण याच प्रयोगात एकाही कुत्र्याला पेशी फुटून जिवावर बेतेल असा पंडुरोग झाला नाही, हेही तितकंच खरं. तरीसुद्धा कुत्र्यांना लसूण घातलेलं अन्न देणं टाळावं, असाच सल्ला संशोधकांनी शेवटी दिला.

आता आपलं स्वयंपाकघरातलं गणित मांडू. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी त्या प्रयोगातलं प्रमाण होईल रोज दीडशे ग्रॅम, म्हणजे लसणीचे कितीतरी गड्डे. एवढी लसूण कुणी चारत नाही. पण पाच किलोच्या पामेरियनसाठी तेच प्रमाण होतं पंचवीस ग्रॅम. मोठ्या पाकळीचं वजन तीन ग्रॅम धरलं तर आठ-नऊ पाकळ्या. आणि आमची आई पाच-सहा घालत होती. सुक्या लसणीची पूड असेल तर तिच्यातलं पाणी उडून गेल्यानं चिमूटभर पुडीतही बरीच लसूण मावते. शिजवल्यानं, तळल्यानं किंवा वाळवल्यानं हा दोष जातो म्हणावं, तर तसंही नाही.

प्रयोगातली कुत्री निरोगी होती, हेही विसरायला नको. आधीच आजारी, अशक्त किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला किती लसूण बाधेल, याची रेषा कुणी आखून दिलेली नाही.

मग लसणीच्या बाजूनं काहीच नाही?

आहे. आणि ते सांगायला हवं, नाहीतर उगाच घबराट व्हायची.

पहिली गोष्ट, टिप्यासारख्या कुत्र्यानं फोडणीच्या वरणातली एखादी पाकळी चुकून खाल्ली, तर डोक्यावर हात मारून घ्यायची गरज नाही. विष ठरतं ते प्रमाणावर. परदेशातल्या काही तयार खाद्यांत चवीपुरती अत्यल्प लसूण असते आणि अमेरिकेत जनावरांच्या खाद्यात मसाला म्हणून ती वापरायला मुभाही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं 2009 साली घोडे, कुत्री आणि मांजरं यांना दिल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांच्या सुरक्षिततेचा अहवाल काढला, तेव्हा तपासायला निवडलेल्या तीन पदार्थांत लसूण होती. प्रश्न किती चर्चेतला आहे, हे यावरूनच कळावं.

दुसरी गोष्ट, 2018 साली जपानमधूनच आणखी एक अभ्यास आला. यात कच्ची लसूण नव्हती. दीर्घकाळ मुरवून तयार केलेला लसणीचा अर्क होता. मुरताना त्यातली तिखट, दाहक द्रव्यं बदलून सौम्य होतात. हा अर्क कुत्र्यांना दर किलो वजनामागे 90 मिलिग्रॅमपर्यंत बारा आठवडे दिला, तेव्हा रक्तावर वाईट परिणाम दिसला नाही. उलट गंजाशी झुंजणारी शरीरातली यंत्रणा थोडी बळकट झाल्याचं संशोधकांना आढळलं.

काही लोक या अभ्यासाचा दाखला देऊन “बघा, लसूण चांगलीच!” असं सांगतात. पण कारखान्यात मोजूनमापून मुरवलेला अर्क आणि आपल्या खलबत्त्यात ठेचलेली लसूण या दोन गोष्टी एक नव्हेत. ताकानं बरं वाटलं म्हणून कुणी विरजणाआधीचं दूध पिऊन तोच गुण यावा, अशी अपेक्षा करतं का?

गोचिडी पळतात का?

खरा प्रश्न हाच. समजा, दोन पाकळ्यांनी कुत्र्याला फार अपाय होत नाही. पण उपाय तरी होतो का?

लसूण आणि गोचिडी यांचा एक अभ्यास खूप गाजला. स्वीडनमधल्या लष्करी जवानांना काही आठवडे रोज लसणीच्या गोळ्या दिल्या आणि काही आठवडे नुसत्या खोट्या गोळ्या. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत लसणीच्या काळात गोचिडी चावण्याचं प्रमाण काहीसं कमी दिसलं. पण कमी म्हणजे बंद नव्हे आणि जवान म्हणजे कुत्री नव्हेत! लसूण खाऊन कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी किंवा पिसवा खात्रीनं जातात, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. जंतांचंही तेच. कुत्र्यांच्या पोटातले गोलकृमी, अंकुशकृमी, पट्टकृमी यांवर वजनानुसार द्यायची स्वस्त आणि खात्रीची औषधं आहेत. लसणीनं ते काम होईल याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

आणि गोचिडीचा स्वभावही बघा. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीत जाऊन बसते आणि एकेक मादी हजारोंच्या संख्येनं अंडी घालते. म्हणजे आपण कुत्र्याच्या पोटात लसूण ढकलत असतो आणि पुढची फौज आपल्या भिंतीत तयार होत असते.

ही गोचीड नुसतं रक्त पिऊन थांबत नाही. बेबेसिया, एर्लिकिया यांसारखे सूक्ष्म जीव ती कुत्र्याच्या रक्तात सोडते. यालाच आपण ‘गोचीडताप’ म्हणतो. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद. वेळेवर औषध मिळालं नाही तर कुत्रं हातचं जातं.

लक्षणं ओळखीची वाटतात ना? लसणीच्या बाधेची आणि गोचीडतापाची लक्षणं बरीचशी सारखीच. इथेच आमच्या टिप्याच्या गोष्टीचा दुसरा भाग येतो.

एका थेंबात दोन गुन्हेगार

डॉक्टरांनी काचपट्टी थोडी सरकवली आणि पुन्हा मला बोलावलं. आता दिसलेल्या एका लाल पेशीच्या आत नासपतीच्या आकाराचे दोन ठिपके टोकाला टोक लावून बसले होते. “हा बेबेसिया. गोचिडीनं दिलेला.”

म्हणजे टिप्याच्या लाल पेशींवर एकाच वेळी दोन्हीकडून हल्ला चालू होता. आतून परजीवी पेशी फोडत होता आणि वरून आम्ही रोज तुपात परतून त्याला मदत पाठवत होतो.

“यात लसणीचा वाटा किती आणि तापाचा किती?” मी विचारलं.

“ते कुणीच सांगू शकणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “कदाचित ताप एकट्यानंही एवढं केलं असतं. पण घरात पाणी शिरत असताना आपण वरून नळ सोडत नाही ना? आणि आजी, लसणीपेक्षा मोठी चूक दुसरीच आहे. लसूण चालू आहे म्हणून तुम्ही ते थेंब टाकले नाहीत. ते टाकले असते तर बहुधा ही वेळच आली नसती.”

आई काही बोलली नाही. टिप्याच्या पाठीवरचा हात मात्र तिनं शेवटपर्यंत काढला नाही.

मला वाटतं, या सगळ्या वादातला खरा मुद्दा डॉक्टरांच्या त्या वाक्यात आहे. घरगुती उपाय निरुपद्रवी असला, तरी तो खऱ्या उपायाची जागा अडवून बसतो तेव्हा घातक होतो.

आपल्या स्वयंपाकघरात लपलेली लसूण

मुद्दाम लसूण चारणारी घरं थोडी असतील. पण नकळत चारणारी? बहुतेक सगळीच! आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे उरलंसुरलं. मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी, फोडणीच्या वरणाचा भात, पावभाजीची भाजी, भजी, आमटी. या सगळ्यांत कांदा आणि लसूण दोन्ही. रस्सा म्हणजे तर वाटलेल्या कांदा-लसणीचा अर्कच. त्यात तेल, तिखट, मीठ हे वेगळंच. एकेका दिवसाचं प्रमाण कमी असलं तरी रोज रोज थोडं गेलं तर तेही साठत जाऊन त्रास देऊ शकतं. कांद्याचं गणित सांगायचं तर कुत्र्यात दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम, मांजरात अवघा 5 ग्रॅम कांदा रक्तात बिघाड करायला पुरतो. वजनाला वजन धरलं तर लसूण कांद्याहून तिखट पडते.

उपाय अगदी सोपा आहे. कुत्र्याचा भात, डाळ, मांस किंवा भाजी फोडणी घालण्याआधीच बाजूला काढा. लाल भोपळा, गाजर, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन हे बहुतेक कुत्र्यांना मानवतं. सुक्या लसणीच्या चटणीचा डबा आणि कांद्याची टोपली त्याच्या तोंडाला पोचणार नाही अशी ठेवा. आणि हो, कांदा-लसणीबरोबरच द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड पदार्थही कुत्र्याला वर्ज्य आहेत, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा. लाडानं खाऊ घालण्यात तीच पुढे असतात.

समजा, खाल्लीच तर?

कुत्र्यानं लसणीचा गड्डा किंवा चटणीचा डबा फस्त केला, तर घाबरून न जाता एवढं करा.

किती खाल्ली, कधी खाल्ली आणि कुत्र्याचं वजन किती, हे तीन आकडे कागदावर लिहून लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटीचं औषध देऊन पोट रिकामं करू शकतात.

घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. जादा मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

वरवर ठीक दिसलं तरी किमान दहा-बारा दिवस रोज हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग, खाणं आणि धाप यांवर नजर ठेवा. काही वेगळं वाटलं तर रक्त तपासून घ्या. या बाधेवर उतारा असं एकच औषध नाही. सलाइन, आराम, प्राणवायू आणि फारच झालं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवणं, एवढंच हातात असतं.

मनानं माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटॅमॉलही लाल पेशींवर असाच हल्ला करतं. मांजराला तर तिची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते.

आणि गोचिडींसाठी? मानेवर टाकायचे थेंब, औषधी पट्टा, चघळायच्या गोळ्या असे पर्याय आहेत. कुत्र्याचं वय आणि वजन पाहून डॉक्टर ठरवतील तेच द्या. शिवाय अंथरुणं उन्हात टाका, कोपरे आणि भेगा साफ करा, बाहेरून फिरून आल्यावर कान, बगला आणि पायांची बोटं तपासा. घरात मांजर असेल तर एक खबरदारी मात्र विसरू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला मारक आहे. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका.

शेवटी एवढंच

टिप्या वाचला. बेबेसियावरचं इंजेक्शन, सलाइन, रक्तवाढीची औषधं यांत तीन आठवडे गेले. पहिले चार दिवस आई त्याच्याजवळ जमिनीवर चटई टाकून झोपली. पाचव्या रात्री त्यानं तिच्या हातून भात खाल्ला. बिनफोडणीचा. दुसऱ्या आठवड्यात हिरड्यांवर फिकट गुलाबी झाक आली, तेव्हा आईनं घरातल्या प्रत्येकाला बोलावून ती दाखवली.

तळमजल्यावरच्या काकूंवर राग धरायचं काही कारण नव्हतं. त्यांनी सांगितलं ते आपुलकीनंच. आई एक दिवस त्यांच्याकडे चहाला गेली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना समजावून आली. काकूंच्या पुतण्याकडे मांजर आहे. त्यांनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

लसूण आमच्या घरातून हद्दपार झालेली नाही. बाबा अजून सकाळी अनशापोटी पाकळी चावतात, रविवारी रश्श्याचा घमघमाट सुटतो. फक्त फोडणी पडण्याआधी एक छोटं पातेलं बाजूला निघतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडरवर आईनं लाल पेन्सिलीनं ‘टि. थेंब’ असं लिहून ठेवलंय.

आणि आता दाराची घंटा वाजली की टिप्या इतका भुंकतो, की शेजारीपाजारी वैतागतात. पूर्वी आई त्याला दटावायची. हल्ली म्हणते, “भुंकू दे गं त्याला!”